त्रेसष्ट नंबरचं भारीट

पहिल्या भेटीत शिवलिंगप्पा मास्तरांनी मला नमस्कार केला नाही. त्यांच्या उजव्या मुठीत जिवंत पाखरू होतं. दोन बोटांमधून त्याचं तांबडं डोकं बाहेर आलेलं. "नव्या मास्तरास्नी बघतंय ते," असं म्हणून त्यांनी डाव्या हातानंच मला मुरुमच्या शाळेत ओढून नेलं. निजामाच्या राज्यातला पगारी शिक्षक इतका वेडा असू शकतो, हे मला नवीन होतं.

ज्वारी हुरड्याला आली की शिवारात भारीट पक्ष्यांचे थवे उतरत. काही काळ्या डोक्याचे, काही तांबड्या. उन्हाळा लागला की दोन्ही नाहीसे. ते एकाच मुलखात जातात की वेगवेगळ्या, एवढंच शिवलिंगप्पांना, म्हणजे आमच्या अप्पांना, मरायच्या आधी कळायला हवं होतं. त्यासाठी ते जाळ्यात पाखरं धरत, फुटक्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून कापलेली बारीक कडी पायात घालत आणि सोडून देत. कडीवर सुईनं नंबर आणि 'मुरुम, दख्खन' उर्दूत कोरलेलं. कुठला नंबर कुठल्या पाखराचा, ते एका वहीत. "जातील तिकडं ही अक्षरं वाचणारं कुनीतरी भेटंलच की," म्हणत.

शेतकरी मात्र कावत. "धरून सोडताव व्हय मास्तर? उद्या माझीच कणसं खाणार की ते!" मग अप्पा पाखरं टोपलीत घालून शाळेपर्यंत आणत आणि तिथं सोडत. पाखरं पुन्हा त्याच शेतात. अप्पा पोट धरून हसायचे.

पुढे निजामाविरुद्धच्या लढ्याची धामधूम सुरू झाली. माणसं सरहद्द ओलांडून सोलापूरकडे जाऊ लागली, घरोघर झडत्या होऊ लागल्या. जाळं घेऊन शिवारात हिंडतात म्हणून अप्पांना चौकशीसाठी उमरग्याला नेलं. ते एकटेच राहत, किल्ली माझ्याकडे होती. मी जाऊन वही उघडली. 'बारा आले. सात उत्तरेला गेले.' हे पाखरांबद्दल आहे, असं सांगून कुणाला पटलं असतं? मी वही चुलीत घातली. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

झडतीला कुणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी अप्पा परतले. "हसून सोडलं मला. वही कुठाय?" मी सांगितलं. ते ओट्यावर बसले. "तुमी माज्यासाठीच केलं, मास्तर," एवढंच म्हणाले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

राज्य बदललं. पुढच्या हिवाळ्यात इराणातून, महिनोन्महिने भटकलेलं एक फारसी पत्र आलं. अंगणात मांजरानं पाखरू खाल्लं, पाय तेवढा उरला, त्यात ही कडी. नंबर त्रेसष्ट. अप्पांनी पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. "त्रेसष्ट. काळं का तांबडं?"

"काळं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. "अंदाज नको, मास्तर."

मी नवी वही आणून दिली. "पुन्हा धरू," म्हणालो. "आता कवा धरू, आन् कवा येनार पत्र," ते म्हणाले. खोकला तेव्हाच लागला होता. वही कोरीच राहिली.

अप्पा गेले, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "डोळे मिटा की जरा. जाळताना पान उघडं व्हतं न्हाय का? त्रेसष्टच्या म्होरं काय लिवलं व्हतं?"

मी डोळे मिटले. खूप वेळ मिटून ठेवले. काही आठवलं नाही. उघडले तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते, मी काय सांगतो याची वाट पाहत.