समोरून न दिसलेल्या बरगड्या

हे गेल्याची बातमी मला आमच्याच मागच्या खोलीतून आली. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. नात सायली धावत आली. "आजी, आजोबा चहा घेत नाहीत गं. हाक मारली तरी बघत नाहीत." मी मान वर न करता म्हटलं, "रुसले असतील." तो त्यांना मारलेला माझा शेवटचा टोमणा, आणि तो त्यांच्या कानावर पडला नाही याची मला अजून हळहळ वाटते... इतक्या वर्षांनी त्यांचा शब्द त्यांच्याच पदरात टाकायची संधी आली होती, आणि हे आधीच निघून गेले होते.

दोन महिने होत आले. मानकोली नाक्यावर भावकीने मोठा बॅनर लावला होता. फेटा बांधलेला फोटो आणि खाली लिहिलेलं, 'सर्वांना सोबत घेऊन जाणारे दामोदरशेठ'. ते वाचून रिक्षात मला एवढं हसू फुटलं की रिक्षावाला वळून म्हणाला, "अम्मा, तबियत ठीक है ना?" त्या बिचाऱ्याला काय सांगू? या माणसाने लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला रस्त्यात पाडलं, आणि सोबत न घेताच तो पुढे निघून गेला! आता पेपरच्या या श्रद्धांजली पुरवणीसाठी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द मागितलेत. देते की. कष्टाळू, निर्व्यसनी, गोरे, देवभोळे. झाले चार. आता उरलेलं ऐका.

तेव्हा ह्यांचे भिवंडीत नवे लूम, कापडाचे माग, सुरू झाले होते आणि सेकंडहँड स्कूटर आली होती. निघालो गणेशपुरीला, गरम कुंडावर. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ. ह्यांच्या तोंडाचा पट्टा लूमसारखा चालू... धागा, वीज, शिफ्ट, कामगार. एका खड्ड्यात स्कूटर उडाली आणि मी खाली. नारळ नेमका डाव्या बरगड्यांखाली आला. नारळाला तडा गेला नाही, हे विशेष. स्कूटर तशीच लांब गेली, आणि हे मागच्या रिकाम्या सीटला वीजबिल समजावत राहिले. मला एस.टी.च्या कंडक्टरने हात देऊन गाडीत चढवलं. गणेशपुरीला उतरले तर हे टपरीवर वडा खात उभे! "कुठं उतरलीस गं? रुसलीस व्हय?" आणि त्यावर ती बावळट पोर, म्हणजे मीच, काय म्हणाली असेल? "तुम्हाला थांबावं लागलं, माफ करा." वर तोच नारळ देवाला फोडलासुद्धा. आज ती पोर समोर आली तर तोच नारळ मी तिच्या डोक्यावर फोडीन.

श्वास घेताना कळ यायची म्हणून भिवंडीत एक्स-रे फोटो काढला, छातीचा, सरळ समोरून. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "फ्रॅक्चर दिसत नाही." ह्यांनी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "काय न्हाय झालं तिला. नखरं नुसतं." 'दिसत नाही' ते 'झालंच नाही' हा प्रवास दवाखान्यापासून आमच्या ओट्यापर्यंत झाला. आणि मी? मशीन शिकलेलं, मी सातवी नापास. मशीन म्हणतं नाही, म्हणजे नसेलच. दुखलं की मी स्वतःलाच दटावायची, 'गप, फोटोत काही नाहीये.' असले नगही देव घडवतो.

त्याच लग्नसराईत ह्यांनी त्याची गोष्ट केली. पुढे कुणाचीही हळद असो, ह्यांचे मित्र बाळारामभाऊजी मांडवात ओरडायचे, "शेठ, ती स्कूटरची होऊ दे!" की झाले हे सुरू. बायको रुसून चालत्या स्कूटरवरून कशी उतरली, आणि वर बरगडी मोडली म्हणून फोटोचा खर्च कसा करायला लावला. मांडव हसून लोळायचा. दिघाशीपासून भिवंडीपर्यंत माझी ओळख तीच झाली, रुसून उतरलेली.

मग काही वर्षांपूर्वी माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई तरुण होती. म्हणाली, "आजी, डावीकडच्या दोन बरगड्या कधी मोडल्या होत्या? जुळल्यात, पण गाठी राहिल्यात बघा." म्हटलं, "तेव्हाच्या फोटोत तर काही नव्हतं." ती म्हणाली, "समोरून काढला असेल. बरगडी कुशीला वळते ना, त्या वळणात बारीक चीर लपते. माणसाला तिरकं उभं करून काढावा लागतो." मी तो फोटो घरी आणला आणि कपाटात ठेवला. ह्यांना एक अक्षर बोलले नाही. लोणचं घातल्याबरोबर कुणी बरणी उघडतं का? मुरू दिलं.

मुरलं ते गेल्या वर्षी. पुतण्याच्या हळदीत बेंजो वाजला, ह्यांना वाटलं आपण विशीतले, आणि नाचता नाचता खुर्चीच्या कडेवर आपटले. जवळच्या दवाखान्यात फोटो काढला, छातीचा, सरळ समोरून. त्यात काही दिसलं नाही. घरभर पाहुणे होते. हे पलंगावर कण्हत होते. मी दारात उभी राहून अगदी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "काय न्हाय झालं. नखरं नुसतं."

"अगं, श्वास घेववत न्हाय मला!"

"फोटोत काही नाही ना? मग हळददूध घ्या नि पडा."

पाहुणे गेल्यावर मी जवळ बसले. "तिरका फोटो काढायला नेते. आधी एवढंच सांगा, मी उतरले होते की पडले होते?" ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "उतरली होतीस." बरं. मीही उठले. दुसरा दिवस तसाच कण्हण्यात गेला. तिसऱ्या दिवशी खोकल्याची उबळ आली आणि शेठ म्हणाले, "चल." मी म्हटलं, "आधी सांगा." "चल म्हंतो ना!" नेलं. सूड घ्यायला माणूस धड असावा लागतो.

एक्स-रे काढणारी शबाना चटपटीत होती. "चाचा, जहाँ दुखता है वहाँ उँगली रखो." बोट जिथे टेकलं तिथे तिने चिकटपट्टीने एक बारीक छर्रा लावला, म्हणजे फोटोत दुखरी जागा कळते. मग ह्यांना तिरकं उभं केलं. "अब पूरी साँस छोडो... रोको." मला म्हणाली, श्वास सोडला की पोटाचा पडदा वर सरकतो आणि खालच्या बरगड्या मोकळ्या दिसतात. श्वास सोडताना हे "आई गं" म्हणून ओरडले. खोटं कशाला बोलू, काचेआडून ऐकायला गोड वाटलं. मॉनिटरच्या पडद्यावर छर्‍याच्या शेजारीच चीर होती, केसाएवढी.

घरी आल्यावर हे येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो दाखवू लागले. "बघा, मोडलीच व्हती!" तेव्हा मी कपाट उघडलं आणि माझा फोटो त्यांच्या हातात दिला. गाठी दाखवल्या. ह्यांनी फोटो उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "जुनी हाय ही. लहानपणी आंब्यावरनं पडली असशील."

मी दोन्ही फोटो त्यांच्या खिडकीच्या काचेला चिकटवले, पलंगावरून सरळ दिसतील असे. ह्यांची बरगडी जुळली, पण मी ते फोटो काचेवरून काढू दिले नाहीत. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ऊन काचेवर आलं होतं. माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "तेव्हा... किती दुखलं व्हतं गं?" या प्रश्नासाठी मी म्हातारी झाले होते. आणि तो आला तेव्हा मी काय उत्तर दिलं? "दुखेल कशाला? फोटोत काही नव्हतं ना!" मला वाटलं, अजून थोडं मुरू दे, मग सांगेन.

बाराव्याला बाळारामभाऊजी उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनी, शेवटची एकदा स्कूटरची सांगतो." सांगितली. लोक रडता रडता हसले. सगळे गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. मुलगा म्हणत होता, आता तरी खिडकी साफ करू. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. उन्हात फोटोंतले बरगड्यांचे दोन्ही पिंजरे शेजारी शेजारी उजळले होते.

विचारलं होतंत ना, किती दुखलं म्हणून? मग ऐका. श्वास घेताना दुखायचं, कूस बदलताना दुखायचं, पाण्याची कळशी उचलताना दुखायचं. ते सोसायची मी. पण तुम्ही मांडवात ती गोष्ट रंगवायचात, सगळे वळून माझ्याकडे बघायचे, आणि नवी नवरी म्हणून मलाही हसावं लागायचं... हसताना सगळ्यात जास्त दुखायचं.