ओट्यावरचा बोर्ड

हिवाळ्यात चिखलदऱ्याला जायचं म्हणून मी खामगावात बसून पंधरा दिवस नकाशे चाळले. गाडी इलेक्ट्रिक. घाटाचा चढ बॅटरी खातो, थंडी वेगळीच खाते, म्हणून मी एकेक किलोमीटर मोजत होतो. एका रस्त्यावर वरवट बकाल लागतं. तिथे माझी मोठी बहीण दिलेली आहे. फोनवर बेत सांगितला तर ती म्हणाली, "मंग एक रात माह्याकडे राह्य ना. रातभर गाडी लाव चार्जिंगले, सकाळी जाजो."

"ताई, तुह्या घरच्या बोर्डाले हे झेपत नाही. फ्यूज उडंल," मी हसलो. आणि फास्ट चार्जर मिळतो म्हणून, तिला न कळवता, अकोल्यावरून गेलो. हिशेब अगदी बरोबर निघाला. त्याची फुशारकी मी मूर्खासारखी महिनाभर मारली.

संक्रांतीनंतर तिच्याकडे गेलो, तर ओट्याच्या भिंतीवर जाड पिनेचा नवाकोरा बोर्ड. धूळ बसू नये म्हणून त्याला पिशवी बांधलेली.

"इथं मोटर बसवता काय?" मी भाऊजींना विचारलं.

"नाही, तुमच्या गाडीसाठी हाये. फ्यूज उडंल म्हणाले ना तुम्ही? दुसऱ्याच दिवशी तिनं वायरमन बोलावला."

"राहू द्या हो," म्हणत ताई चहा ठेवायला आत गेली.

मी उठून डिकी उघडली. जाण्यायेण्यापुरती बॅटरी आहे, असा हिशेब करून मी चार्जिंगची केबल घरीच ठेवली होती.