मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

गावात कुणाला धड गाडी चालवता येत असेल, तर ती मास्तरांची कृपा. एकतीस वर्षं ते शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटवर बसले. त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक. कुणी गडबडलं की तो दाबायचा आणि वर एक विनोद करायचा, म्हणजे शिकणाऱ्याला धीर येतो. गिरणीसमोरच्या क्रॉसिंगवरचा विनोद ठरलेला. परक्या वर्णाचं, कातडीच्या वेगळ्या रंगाचं कुणी रमतगमत रस्ता ओलांडू लागलं की म्हणायचं, "सांभाळून. नाहीतर उडव, दहा गुण देतो." सगळे खो खो हसत. मास्तरांच्या मनात काही नव्हतं, निदान असं ते स्वतःला सांगत आले.

मार्चमध्ये त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं, गिरणी सुटायच्या वेळी, त्याच क्रॉसिंगवर मुद्दाम माणसांवर गाडी घातली. परक्या वर्णाची चार माणसं गेली.

तेव्हापासून टीव्हीवर रोज कारणांचा काथ्याकूट. एकाचं म्हणणं बेकारी, दुसऱ्याचं मोबाइल. दोघं एकमेकांना बोलू देत नाहीत. मास्तर जेवताना टेबलाखाली, ब्रेक दाबावा तसा, पाय जमिनीवर दाबत राहतात.

"पाय का आपटताय सारखा?" बायको विचारते.

"मुंग्या आल्यात."

शाळेच्या हॉलमध्ये जाहीर सभा झाली. असं का घडलं, ज्याला वाटेल त्यानं बोलावं. माईक फिरत मास्तरांकडे आला. गेलेल्यांपैकी एका बाईचा नवरा पुढच्याच रांगेत होता, त्यानं मान वळवली. मास्तरांनी दहा गुणांचं सगळं मनात जुळवून आणलं होतं. तोंडून निघालं ते इतकंच: "मी त्याला शिकवलं. शांत मुलगा होता." लोक हळहळले, एकानं तर पाठ थोपटली. मास्तरांना स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी नवी विद्यार्थिनी, शेजाऱ्यांची धाकटी, गाडी घेऊन क्रॉसिंगवर आली. परक्या वर्णाची एक म्हातारी पिशवी सांभाळत निघाली होती. मुलीनं स्वतःच गाडी छान थांबवली.

"मास्तर, दादा म्हणत होता, तुम्ही त्याला इथं दहा गुणांचं सांगायचात."

"सगळ्यांनाच सांगायचो."

"ज्यानं गाडी घातली, त्यालाही?"

"त्यालाही. तो सगळ्यात जास्त हसायचा."

म्हातारी केव्हाच पलीकडे पोचली होती. मागून हॉर्न वाजू लागले.

"मास्तर, ब्रेकवरचा पाय काढा ना," मुलगी हळूच म्हणाली.

रस्ता मोकळा होता. मास्तरांना पाय उचलता येईना.