पिशवी काढली, दुखणं राहिलं

डॉक्टरबाईंनी कापूस लावलेली काडी हातात घेतली. “हलकेच टेकवते. दुखेल तिथे सांगा.” मांडीला लावली, काही नाही. योनीच्या तोंडाशी टेकवली आणि मी ओरडलेच. एवढ्याशा कापसाने! मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्यांना मात्र नवल वाटलेलं दिसलं नाही. “व्हल्व्होडिनिया,” त्या म्हणाल्या. “किती वर्षं सोसताय?”

ही २००४ सालची गोष्ट, कोल्हापूरची. यजमान नि मी रत्नागिरीहून एसटीने गेलो होतो. जागा मिळूनही आंबा घाट मी उभ्याने काढला.

व्हल्व्होडिनिया म्हणजे योनीच्या बाहेरच्या नाजूक भागाचं जुनाट दुखणं. जखम दिसत नाही, तपासण्यांत काही सापडत नाही. तिथल्या नसा नुसत्या स्पर्शानेही पेटल्यासारख्या होतात. हे मला तेव्हा कळलं. सुरुवात झाली होती १९९८च्या आंब्याच्या हंगामात.

रत्नागिरीजवळ पावस गावी आमची बाग आहे. पेट्या भरायला आम्ही बायका दिवसभर खाली बसायचो. त्या वर्षी बसलं की तिखटाचा हात लागल्यासारखी आग व्हायची. रात्री यजमानांना एवढंच म्हटलं, “खाली जळजळतंय.” आमच्या गल्लीतले डॉक्टर यांचे वर्गमित्र. त्यांच्यापुढे मी कशी तपासून घेणार? हेच जाऊन सांगायचे आणि मलम घेऊन यायचे. मला न बघता मलमं बदलत राहिली. शिवाय मी रोज डेटॉलच्या पाण्याने धूत होते. वाटे, माझीच काहीतरी अस्वच्छता असणार. त्याने आग वाढली.

नवराबायकोचा संबंध संपला. मी दात दाबून पडून राहायचे, ते यांच्या लक्षात आलं. मग हे बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

पुढे सासूबाईच मला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं, “ओटीपोटात दुखतं हिच्या.” मी मान हलवली. सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, “मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाकू.”

दुखतं ते आत नाही, बाहेर, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले. सासूबाई शेजारी होत्या हे एक कारण. दुसरं आज लिहिते. पिशवीचं ऑपरेशन चारचौघांत सांगता येतं. मला सांगता येण्यासारखं दुखणं हवं होतं.

ऑपरेशननंतर लघवीची नळी काढली आणि तीच आग, त्याच जागी. सासूबाईंनी माझं अंग पुसलं, वेणी घातली, डिंकाचे लाडू केले. भेटायला येणाऱ्यांनी शहाळी आणली. “कसं वाटतंय गो?” सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, “सगळं थांबलं हो आई.” इतकं केलेल्या बाईला दुसरं काय सांगणार?

ते खोटं मी काही वर्षं सांभाळलं. उभ्याने जेवायचे, शाळेत शिकवताना वर्गात खुर्चीवर बसायचे नाही. एकदा न्हाणीघरात डेटॉलची बाटली यांनी पाहिली.

“अजून?”

“अजून.”

हे उंबऱ्यावरच बसले. त्यानंतर आम्ही कोल्हापूर गाठलं. तिथे डॉक्टरबाईंनी यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि मला विचारलं, “पिशवी कशासाठी काढली?”

साबण, डेटॉल, मलमं सगळं बंद झालं. अमिट्रिप्टिलिनची लहान गोळी रात्री सुरू झाली. ती नसांचं दुखणं कमी करते. तोंडाला कोरड पडायची, सकाळी डोळे उघडायचे नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडण्याचा व्यायाम शिकले. पूर्ण बरी झाले नाही, होईन असं बाईंनीही कधी म्हटलं नाही. पण आता तासभर बसता येतं. यांच्याशी बोलता येतं. काही दिवस मात्र अजून वाईट जातात.

घरी सांगायचं राहिलंच होतं. तशात संगमेश्वरहून चुलत सासूबाई सुनेला घेऊन आल्या. तिची पिशवी काढायचं घाटत होतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, “आमच्या हिच्याकडे बघ. पिशवी काढलीन नि खडखडीत बरी झाली.” ती पोर पाटाच्या कडेला, एका मांडीवर भार टाकून बसली होती. तसं मी वर्षानुवर्षं बसले होते.

“आई, माझं थांबलं नव्हतं. मी खोटं बोलले.” मग तिच्याकडे वळून विचारलं, “तुझं कुठे दुखतं गो?”

सासूबाईंचा चेहरा पडला. “मग मी तुझं दुखणं काढलं ते कसलं?” एवढंच म्हणाल्या. त्यांचे हात मी विसरलेले नाही. त्यांना फसवल्याचं ओझं उतरलेलंही नाही.

“ओटीपोटात दुखतं तिच्या,” चुलत सासूबाई घाईने म्हणाल्या.

आमच्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण आपल्या त्या जावेला म्हणाल्या, “तू गप बस जरा. तिला बोलू दे.”