शहरबानूभाभीचा डावा गुडघा

शहरबानूभाभीला आम्ही सगळ्यांनी मिळून जवळजवळ पांगळी करून ठेवली होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की मरियमबीने स्वतःची बाजू झाकली.

साल सहासष्टचं. दुबईच्या देऱ्यात, खाडीपासून दोन गल्ल्या आत, एका अंगणाभोवती आम्ही तीन बिऱ्हाडं राहायचो, तिन्ही दाभोळकडची. एका खोलीत मी आणि माझा नवरा हनीफ, दुसरीत बिलकीसचं कुटुंब, आणि आमच्या समोर शहरबानूभाभी आणि खैरुद्दीनभाई. भाई मसाल्याच्या पेढीवर मुकादम. लग्नानंतर अकरा वर्षं ते इकडे आणि भाभी गावाला. दोन वर्षांतून एकदा दोन महिने गावाला जायचे, बाकीचा संसार पत्रांत. चौसष्टला कशीबशी त्यांनी तिला इकडे आणली. भाभी मला हसत सांगायची, नवऱ्याला कारलं आवडत नाही हे मला लग्नाच्या बाराव्या वर्षी कळलं, गावाला पाहुण्यासारखे मुकाट खायचे.

उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. मे महिन्यात एका सकाळी गाद्यांची वळकटी घेऊन उतरताना तिचा पाय सटकला आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. इस्पितळात प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, तर पाय लाकडासारखा ताठ. तिथल्या मल्याळी सिस्टरने मला आणि भाभीला समोर बसवून हिंदीत सगळं समजावलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. टाच घसरत घसरत जवळ आणायची. जमायला लागलं की पायऱ्या, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. दुखणार, पण दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. रात्रभर ठणकलं किंवा सूज वाढली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं, बंद मात्र करायचं नाही.

एवढी साधी गोष्ट, पण आमच्या अंगणात ती कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. आजारी माणसाला हलू द्यायचं नाही, ही आमची माया. भाभी चहा करायला उठली की मी तिच्या हातून किटली काढून घ्यायची. बिलकीस तिचे कपडे धुवायची. खैरुद्दीनभाई तिला उचलून मोरीपर्यंत न्यायचे. उशाशी खजूर, सरबत, पंखा, सगळा थाट. वर सल्ले फुकट. आमच्या गल्लीतले मुश्ताकमामू तर बाजारातल्या डाग देणाऱ्या म्हाताऱ्यालाच घेऊन आले, तापल्या सळईसकट. भाभीने उलथनं उचललं आणि शांतपणे सांगितलं, की ती सळई आधी मामूंच्या ढुंगणाला लागेल. मामू त्यानंतर पंधरा दिवस फिरकले नाहीत.

पण महिना तसाच गेला आणि गुडघा काही वाकेना. जुलै संपता संपता एका संध्याकाळी खैरुद्दीनभाईंनी जाहीर केलं, की सप्टेंबरच्या स्टीमरचं तिकीट काढलंय. गावाला जाऊन आराम कर, माझी बहीण तुला बघेल, बरी झालीस की परत आणतो, इन्शाल्ला. माणूस वाईट नव्हता. मनापासून तिच्या भल्याचं बोलत होता. पण परत म्हणजे कधी, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नाही हे भाभीला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून बाई पेटली. दुसऱ्या सकाळी तिने अंगणात चटई अंथरली, टॉवेलची गुंडाळी केली आणि आम्हा सगळ्यांना बजावलं, की माझ्या हातातलं काम जी काढून घेईल तिच्या घरचं पाणी मी पिणार नाही. ते मलाच होतं. मला इतकं लागलं, की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. एवढं केलं आणि वर हे ऐकायचं, असं हनीफपाशी रडले सुद्धा. आज लाज वाटते.

ती मात्र सकाळ-संध्याकाळ चटईवर. डोळ्यांतून पाणी यायचं आणि तोंडाने आकडे चालायचे, एक, दोन, तीन. ज्या रात्री ठणका लागायचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी निम्मंच करायची, पण करायची. चहा स्वतः करायला लागली. मग गच्चीच्या पायऱ्या, ज्यांवरून पडली त्याच. पहिल्या आठवड्यात दोन, नंतर पाच. सप्टेंबर उजाडला तेव्हा चौदाच्या चौदा. खैरुद्दीनभाईंना मी स्वतः सांगितलं, भाभी चढते. ते म्हणाले, घरात भिंतीला धरून चढणं वेगळं, उद्या पुन्हा पडली तर मी कामावर असणार. त्यांच्या डोक्यात तिकीट पक्कं बसलं होतं.

भाभीने वाद घातला नाही. मुकाट्याने ट्रंक भरली. मला वाटलं, खलास, हरली. खरं सांगते, मला तिचा रागच आला.

स्टीमर खाडीच्या तोंडाबाहेर नांगरून उभी राहायची, तिथवर लाँचने जायचं. निघायच्या सकाळी मीही पोचवायला धक्क्यावर गेले, तेव्हा ओहोटी होती. धक्क्याच्या सोळा पायऱ्या उघड्या पडलेल्या, खालच्या तर शेवाळलेल्या, धरायला काही नाही. खैरुद्दीनभाईंनी दोन हमाल आणि एक खुर्ची आणली होती, भाभीला बसवून खाली उतरवायला.

भाभीने खुर्ची हाताने बाजूला केली. बुरखा मुठीत धरला आणि उतरायला लागली. दुखरा पाय, मग चांगला. दुखरा, मग चांगला. शेवटच्या पायरीवर लाँचवाल्याने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. भाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि हमालाला ट्रंक खाली न्यायला सांगितलं.

तेवढ्यात भाभी मागे फिरली.

चढणं जास्त कठीण होतं. चांगला पाय वर, मग दुसरा ओढून त्याच्याशेजारी. नवव्या पायरीवर ती थांबली, पाय थरथरत होता, आणि भाई धावत दोन पायऱ्या खाली उतरले. तिने मान हलवली. ते तिथेच उभे राहिले आणि ती त्यांच्या शेजारून वर आली. धापा टाकत होती, पण आवाज स्वच्छ होता.

"तिकीट वाया जात असेल तर तुम्ही जा. अकरा वर्षं मी तिकडे राहून बघितलं. आता तुम्ही राहून बघा."

खालून लाँचवाला यल्ला, यल्ला म्हणत घाई करत होता. खैरुद्दीनभाईंनी हातातलं तिकीट घडी करून खिशात घातलं. मग त्यांनी हमालाकडून ट्रंक घेतली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि घरच्या वाटेला लागले. भाभी लंगडत त्यांच्या पुढे चालली होती. मी तिच्या बाजूने चालले, आणि तिचा हात धरला नाही.