दोराला वाहिलेलं वस्त्र

परतवाड्याच्या पुढे मेळघाटाची चढण लागते, तिच्या अलीकडच्याच एका टेकडीवर पिंपळगडची आई बसली आहे. पायऱ्या साडेसहाशे. ज्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले, त्यांच्यासाठी पाळणा. पाळणा म्हणजे काय, तर खालून वर आणि वरून खाली अखंड फिरणारा जाड लोखंडी दोर, त्याला टांगलेल्या चाळीस खुर्च्या आणि तो दोर ओढणारी मोटार. त्या मोटारीपाशी एकवीस वर्षं उभा राहिलेला माणूस म्हणजे शालिकराम गावंडे.

मूळचा अकोल्याचा. तिथल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. जिनिंगला कुलूप लागलं आणि हा आईच्या पायथ्याशी आला, तेव्हा पाळणा नवाकोरा होता आणि शालिकरामचे केस काळे. आता दोघांचीही रया गेली. माणूस तसा भाविक. सकाळी आंघोळ करून, टेकडीकडे तोंड करून हात जोडल्याशिवाय पान्ह्याला हात लावायचा नाही. पण एकदा पान्हा हातात आला, की त्याची भाषा बदलायची. "आईचं आईपाशी, अन् नटबोल्टाचं नटबोल्टापाशी," असं तो म्हणायचा. तोंडानं फटकळ, त्यामुळे त्याचं खरं असलं तरी लोकांना ते भांडणच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी संस्थाननं ठरवलं, पाळणा नवा करायचा. संस्थानचे अध्यक्ष चंद्रभानजी, डाळमिलवाले, सगळे त्यांना बापू म्हणतात. बापूंनी नव्या खुर्च्या आणल्या. भगव्या रंगाच्या, पाठीला टेकण असलेल्या, आणि प्रत्येक टेकणावर पांढऱ्या अक्षरात नाव: कैलासवासी अमक्यांच्या स्मरणार्थ, सौभाग्यवती तमक्यांकडून. चाळीस खुर्च्यांना आठ दिवसांत चाळीस दाते मिळाले, वर बावीस जण रांगेत. खुर्च्या चढल्या त्या दिवशी पेढे वाटले. शालिकरामनं पेढा हातात धरूनच विचारलं, "अन् दोर, बापू?"

"त्याले काय झालं?"

"एकोणीस वर्सं झाले त्याले. तपासणीवाला सायब लिहून गेला, दोर बदला. खुर्ची दोरालेच तं लटकते."

बापूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुहं बरोबर हाये शालिकराम. पन दोराले दाता भेटत नाई. नाव कुठं लिहायचं त्याच्यावर?"

शालिकरामनं पेढा खिशात टाकला. संध्याकाळी बायकोला, सुभद्राला म्हणाला, "नव्या नवरीले फाटकं लुगडं नेसवलं अन् वरून शालू पांघरला." सुभद्रा म्हणाली, "तुमाले सनासुदीलेच बरं सुचते असं बोलणं."

तेव्हापासून दर महिन्याला तो संस्थानच्या वहीत लिहायचा, 'दोर बदलणे आवश्यक.' त्याच्याखाली बापूंच्या अक्षरात एकच शब्द यायचा, 'पाहिले.' अशी चोवीस पानं झाली. भिंतीशी बोललं तर निदान आपलाच आवाज परत येतो. इथं तेवढंही नव्हतं.

दोर तपासायची शालिकरामची एक रीत होती, जिनिंगमधली. मोटार अगदी हळू सोडायची आणि मूठभर कापूस फिरत्या दोरावर नुसता टेकवून धरायचा. दोर धड असेल तर कापूस हातात तसाच राहतो. आतली बारीक तार कुठं तुटून वर आली असेल, तर ती तार कापसाचा पुंजका ओढून घेते आणि तो घेऊन पुढे जाते. एक पुंजका, एक तुटकी तार. पोरासोरालाही कळेल असा हिशोब.

घटस्थापनेला चार दिवस उरले होते. रविवार, दर्शनाला बाया बऱ्याच आल्या होत्या, आणि बापूही मांडवाची जागा बघायला आले होते. शालिकरामच्या मनात आलं, लिहून कळत नाही तर डोळ्यांनी तरी बघू दे. नवरात्रात दिवसाला दोन-तीन हजार माणूस या दोरावर चढणार होतं. त्यानं खुर्च्या रिकाम्या केल्या, बापूंना हात धरून आणलं आणि मोटार हळू सोडली.

"बापू, फक्त पाहा. मी काईच बोलत नाई."

कापूस टेकवला. दहा हात दोर गेला नसेल, तोच एक पुंजका सुटला. मग दुसरा. मग तीन लागोपाठ. मूठ रिकामी झाली, दुसरी घेतली. पांढरे पुंजके दोरावर बसून एकामागून एक वर निघाले, झाडांच्या शेंड्यांवरून, आईच्या देवळाकडे. सगळा दोर पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेला. इतकं शालिकरामलाही वाटलं नव्हतं.

त्यानं वळून पाहिलं, तर रांगेतल्या बाया हात जोडून उभ्या.

"वस्त्र घेतलं आईनं," एक म्हणाली. "पाहा ना, कसं माळ गुंफल्यावानी."

"हातानं न लावता चिकटून राहिलं, बाई."

"अवो ताई, ते तुटक्या ताराय..." शालिकराम बोलायला गेला, पण तोवर कोणी तरी जयजयकार केला आणि त्याचं बोलणं त्यात बुडालं. बापूंनीही चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी बाया घरून कापसाची वस्त्रं करून घेऊन आल्या. हळदीकुंकवाची बोटं लावलेली, पाच मण्यांची, सात मण्यांची, एकीनं तर एकवीस मण्यांचं केलेलं. मोटारीपाशी रांग लागली. दर्शन घ्यायच्या आधी दोराला वस्त्र वाहायचं. शालिकराम प्रत्येकीला सांगत होता, हा दोर तुटत आला आहे, यावर बसू नका. ऐकणारी प्रत्येक जण त्याच्याकडे दयेनं बघत होती. एक म्हातारा तर म्हणाला, "इतके वर्सं आईच्या पायाशी काढले अन् तुले श्रद्धा नाई?"

त्यानं बापूंना गाठलं. "नवरात्रात पाळणा बंद ठेवा. पाया पडतो."

"आता बंद?" बापूंनी आवाज खाली आणला. "आता तं लोक दोरासाठीच येऊन राहिले. मी बंद केला तं मले गावात राहू देतील काय?"

"कोनी खाली पडलं तं राहू देतील?"

"कायले अभद्र बोलतं बे."

त्या रात्री तो जेवला नाही. आपल्याच हातानं हे झालं, हेच त्याला खात होतं. दोर मेलाय हे दाखवायला गेला आणि दोराला देव करून बसला. आई कोणाच्या तोंडून बोलेल हे सांगता येत नाही, हे खरं. पण आपलं तोंड तिला इतकं का नकोसं झालं, हे त्याला कळेना.

मंगळवारी पार्बताबाई आली. पंचाहत्तरीची बाई, खालच्या गावची, उभा जन्म कापूस वेचण्यात गेलेला. दर पुनवेला आणि नवरात्रात ती पाळण्यानं वर जायची; पायऱ्या तिला सुटून दहा वर्षं झाली होती. तिनंही वस्त्र आणलं होतं. दोर थांबलेला होता. ती वस्त्र अडकवायला गेली तसा शालिकराम म्हणाला, "माय, हात नको लावू. चिरन."

"मले सांगतं? बोंडाच्या काट्यानं चिरून चिरून निबर झाले हे बोटं." तिनं दोरावरून बोट फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं, सावकाश, बोंडातून कापूस काढावा तसं. मग तिनं शालिकरामकडे पाहिलं.

"हे तं तुटलं हाये."

एवढं एक वाक्य ऐकायला त्यानं दोन वर्षं काढली होती. "माय, जितके पुंजके, तितक्या ताराय. मी बोंबलून राहिलो, कोनी आयकत नाई."

"तुह्या बोंबलण्यानं काय होते," ती म्हणाली. खाली बसली, पाणी प्यायली, जरा वेळ विचार केला. मग उठून मांडवापाशी गेली. तिथं बापू होते, पुजारी होते आणि बायांची रांग होती.

"बापू, परवा आईले वस्त्र वाहिलं म्हनतात. उतरवलं कधी?"

बापू पुजाऱ्यांकडे पाहू लागले.

"आमच्या घरी तं काल वाहिलेलं आज ठेवत नाई. निर्माल्य होते ते. तीन दिवसाचं निर्माल्य तसंच टांगून ठेवलं तुमी?"

"कापूस काढून घेऊ, माय," बापू म्हणाले.

"कापसाचं काय घेऊन बसले. वाहिलं कोनाले? दोराले. मंग दोरच उतरला पायजे. आईच्या निर्माल्याले लटकून, पाय खाली सोडून, आमी वर जावं काय?"

पुजाऱ्यांना खोडून काढता येईना, कारण रीत तर खरीच होती. रांगेतल्या एका बाईनं लेकराला खुर्चीवरून उचलून घेतलं. मग दुसरी उतरली. पाव तासात चाळीस खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि त्यानंतर त्यांवर कोणी बसेना. दुपारी बापूंनी पाळणा बंद केल्याची पाटी लावली.

नऊ दिवस लोक पायऱ्या चढले. वर पोचून धापा टाकताना शिव्या मात्र शालिकरामलाच. "पाळणेवाल्यानंच बिघडवला," असं म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा. पार्बताबाईला पहिल्या पायरीवरच डोकं टेकावं लागलं, शालिकराम म्हणाला, उचलून नेतो, तर म्हणाली, "तुह्या कमरेचा दोर काई नवा नाई." आणि घरी गेली.

नवा दोर म्हणजे आईला नवं वस्त्र, असं म्हटल्यावर दोरालाही दाते मिळाले. त्यांच्या नावांची फरशी बसली, तिच्यावर बापूंचं नाव सगळ्यांच्या वर. दिवाळीनंतर नवा दोर आला, जुना उतरवला. शालिकरामनं त्यातला सगळ्यात वाईट, हातभर तुकडा कापून बाजूला ठेवला. त्यात सतरा तारा तुटलेल्या होत्या. बापूंच्या टेबलावर ठेवून मोजून दाखवायचा, एवढीच त्याची हौस. चहा पिऊन येईपर्यंत लोकांनी उरलेल्या दोराचे तुकडे करून देवघरात ठेवायला नेले होते, आणि त्याचा तुकडाही जागेवर नव्हता.

तो सापडला बापूंच्याच खोलीत. तांबड्या कापडावर, कुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल.

"बापू, याच्यात सतरा तारा तुटल्या हायेत," शालिकराम म्हणाला. "मोजून पाहा."

बापूंनी वाकून तुकड्याला हात जोडले, मग चष्मा लावून जरा पाहिलं.

"खरंच की. मंग हे मले आंधी सांगायचं ना, शालिकराम."

शालिकराम पान्हा उचलून पाळण्याच्या खांबाकडे निघाला. ऊन असेपर्यंत नवा दोर चढवायचा होता.