कांद्याच्या सालींची मेंढी
“मेंढी हाय व्हय ही? ग्रुपवर हसत्याल लोकं,” काकू म्हणाल्या. लॉकडाऊनमध्ये आम्ही कवठे येमाईला काकांकडे अडकलो होतो. दुसरीतल्या चुलत बहिणीला मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर घरातल्या वस्तूंपासून प्राणी करायला सांगितलं होतं. सकाळभर ओसरीवर बसून तिने पुठ्ठ्यावर कांद्याच्या साली डिंकाने चिकटवल्या होत्या. काकूंनी ती मेंढी केरात टाकली, स्वतः कापसाचा सुबक ससा केला आणि तिच्या हातात कोंबला. “हस की गं, फोटो काढतीय!” ती ओठ ताणून हसली, आणि माझे कान तापले. त्या घरात कुणी विचारल्याशिवाय मी कधी बोलले नव्हते. मी मोबाइल आणि तिच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “काकू, दुसरीत ती आहे की तुम्ही?”